‘ती’ आणि ‘त्या’

वाचकहो, संपादकाच्या हातून जे छापले जाते ते आपल्यासमोर असते. जे गाळले जाते त्याचा हिशेब मात्र सहसा कोणी मागत नाही. आज मी असाच एक हिशेब आपण होऊन आपल्यापुढे मांडणार आहे.

काही महिन्यांपूर्वी अमेरिकेतील कर्तबगार स्त्रियांविषयीचा एक लेख मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले. लेखात चौघींची चरित्रे होती. एक डॉक्टर, एक शिक्षिका, एक समाजसेविका आणि चौथी, केसांना लावण्याचे मलम विकून श्रीमंत झालेली एक कृष्णवर्णीय बाई. अनुवाद पुरा झाला तेव्हा मजकूर ठरलेल्या पानांत मावेना. कोठे तरी कात्री चालविणे भाग होते, आणि ती कोठे चालवावयाची हे ठरविण्यास मला पाच मिनिटेही लागली नाहीत. चौथीचा परिच्छेद मी काढून टाकला. डॉक्टर आणि शिक्षिका यांच्या पंक्तीला तेल-मलम विकणारी बाई कशाला, असा काहीसा विचार त्या वेळी मनात आला असावा. अंक निघाला. कोणाही वाचकाने तक्रार केली नाही. आणि जे छापलेच गेले नाही त्याविषयी कोणी तक्रार करावी तरी कशी?

पुढे एकदा जुना मजकूर चाळीत असता तो गाळलेला परिच्छेद पुन्हा दृष्टीस पडला आणि वाचता वाचता मी थबकलो. डॉक्टर, शिक्षिका आणि समाजसेविका यांच्याविषयी लिहिताना मी सर्वत्र ‘त्या’ म्हटले होते: त्यांनी शिक्षण घेतले, त्यांनी संस्था काढली. चौथीच्या वाट्याला मात्र ‘ती’ आली होती: तिने मलम बनविले, ती दारोदार हिंडली. मूळ इंग्रजीत चौघींना सर्वनाम एकच होते. मान कोणाला द्यावयाचा आणि कोणाला द्यावयाचा नाही, हा निवाडा मूळ लेखकाने केलेला नव्हता. तो माझ्या लेखणीने परस्पर केला होता, आणि मला त्याचा पत्ताही लागला नव्हता.

त्या चौथ्या बाईंचे नाव मॅडम सी. जे. वॉकर. त्यांचे चरित्र मी त्यानंतर मिळेल तेथून वाचले. तेच आज आपल्याला सांगावयाचे आहे. आरंभ एका लहान मुलीपासून होत असल्यामुळे आरंभी ‘ती’ म्हणण्यात काही अनादर नाही. पुढचे पुढे पाहू.

अमेरिकेच्या दक्षिणेस लुइझियाना नावाचे राज्य आहे. तेथे मिसिसिपी नदीच्या काठी, डेल्टा नावाच्या गावाजवळच्या एका कापसाच्या मळ्यावर २३ डिसेंबर १८६७ रोजी सारा ब्रीडलव्ह हिचा जन्म झाला. तिचे आईवडील, ओवेन आणि मिनर्व्हा, याच मळ्यावर गुलाम म्हणून राबले होते. अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली. तेव्हा सारा ही त्या घरात मुक्तीनंतर जन्मलेले पहिले अपत्य होय. मराठी वाचकाला या घटनेची एक निराळी ओळख आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि गुलामांना दास्यातून सोडविणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना तो अर्पण केला. पुण्यात ती अर्पणपत्रिका छापली जात होती तेव्हा सारा अवघी पाच वर्षांची होती. कायद्याने ती स्वतंत्र होती. पण मळा तोच, कापूस तोच आणि वाकलेली पाठही तीच.

सात वर्षांची होण्याच्या सुमारास ती आईवडिलांवाचून पोरकी झाली. पुढे थोरल्या बहिणीबरोबर नदीपलीकडच्या व्हिक्सबर्ग शहरी जाऊन ती लोकांच्या घरी कामे करू लागली. बहिणीचा नवरा निर्दय होता. त्याच्या जाचातून सुटण्यासाठी चौदाव्या वर्षी तिने मोझेस मॅकविल्यम्स याच्याशी विवाह केला. १८८५ मध्ये तिला लेलिया ही मुलगी झाली. १८८७ मध्ये पती वारला. विसाव्या वर्षी पदरात दोन वर्षांचे मूल, हाती विद्या नाही आणि जवळ पैसा नाही, अशी तिची अवस्था होती. तिच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे तिला शाळा घडली ती अवघी तीन महिन्यांची.

सेंट लुई शहरात तिचे भाऊ न्हाव्याचा व्यवसाय करीत असत. त्यांच्या आसऱ्याला ती मुलीला घेऊन गेली आणि डॉलर-दीड डॉलरच्या रोजावर लोकांचे कपडे धुऊ लागली. सोड्याचे तीव्र पाणी, उकळते टब आणि ओल्या कपड्यांचे ओझे यांत तिची तरुणपणाची वर्षे गेली. तथापि त्या मिळकतीतूनच पै-पैसा साठवून तिने लेलियाला शाळेत घातले आणि पुढे टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल येथील महाविद्यालयातही पाठविले. आपल्याला तीन महिने मिळालेली शाळा तिने मुलीला पुरी करून दिली.

याच काळात तिचे केस गळू लागले. वाचकहो, ज्याला मी क्षुल्लक समजून बाजूस सारले, ते प्रकरण येथून सुरू होते. म्हणून येथे जरा थांबून विचार केला पाहिजे. त्या काळी गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांतील घरांत नळाचे पाणी क्वचितच असे. केस वरचेवर धुणे परवडत नसे. साबण असे तो कातडी सोलणारा. खाणे असे ते निकस. डोक्याच्या त्वचेचे विकार घरोघर होते आणि ऐन तारुण्यात टक्कल पडून कित्येक स्त्रिया डोक्याला फडके बांधून वावरत. दुकानातून मिळणारी प्रसाधने गोऱ्या स्त्रियांसाठी केलेली असत. यांचा विचार त्यांत कोणी केलेला नसे. आपल्याकडे एके काळी विधवेचे केस काढून तिची सारी शोभा आणि सारा मान एका दिवसात हिरावून घेतला जात असे. त्या रूढीची आठवण अजून ज्यांच्या घरांत सांगितली जाते, त्यांना तरी केसांचा प्रश्न केवळ नटण्यामुरडण्याचा नसतो हे वेगळे सांगावयास नको.

साराने नाना उपाय केले. सेंट लुई येथेच ॲनी टर्नबो या कृष्णवर्णीय उद्योजिकेची केशौषधे तिच्या पाहण्यात आली. ती त्यांची विक्रेती झाली आणि या धंद्याचे पहिले पाठ तिने तेथे घेतले. ॲनी टर्नबो याही, पुढे मॅलोन या नावाने, मोठ्या उद्योजिका आणि दानशूर म्हणून प्रसिद्धीस आल्या. साराने स्वतःचे मलम काढल्यावर त्यांना ती आपली नक्कल वाटली आणि दोघींत वितुष्ट आले. चरित्र सांगताना हे झाकून ठेवू नये असे मला वाटते. कोणीही कर्तबगार व्यक्ती शून्यातून सर्व काही निर्माण करीत नाही. तिच्या आधी वाट तुडविणारे कोणी तरी असतेच.

१९०५ मध्ये सारा पश्चिमेकडील डेन्व्हर शहरी गेली. त्या वेळी जवळ दीड डॉलर होता, असे ती पुढे सांगत असे. तेथे तिने स्वयंपाकीणीचे काम धरले. दिवसा दुसऱ्याच्या चुलीपुढे आणि रात्री स्वतःच्या मलमाच्या भांड्यापुढे, असा तिचा क्रम होता. गंधक, मधमाश्यांचे मेण, पेट्रोलियमपासून मिळणारा मऊ लेप, खोबरेल आणि सुवास, असे त्या मलमाचे मुख्य घटक होते. त्यांतील काही नवे नव्हते. नवी होती ती शिकवण: डोके नियमाने धुवा, त्वचा स्वच्छ ठेवा, मग मलम चोळा. १९०६ च्या जानेवारीत तिने वर्तमानपत्रांच्या जाहिरातींचे काम करणाऱ्या चार्ल्स जोसेफ वॉकर यांच्याशी विवाह केला, आणि बाटलीवर आणि डबीवर नाव झळकू लागले ते ‘मॅडम सी. जे. वॉकर’.

या ‘मॅडम’ शब्दाचे महत्त्व ध्यानात घ्यावे. सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यातील स्त्रियांनी ही उपाधी लावण्याची त्या काळी रीत होतीच. परंतु त्याच काळी गोरे लोक कृष्णवर्णीय स्त्रीला, तिचे वय आणि योग्यता काहीही असो, नुसत्या पहिल्या नावाने किंवा ‘आँटी’ म्हणून हाक मारीत. ‘श्रीमती’ हा सामान्य आदरार्थी शब्दही तिच्या वाट्यास येत नसे. जिने आपल्या नावाची सुरुवातच ‘मॅडम’ या शब्दाने केली, तिला हाक मारणाऱ्याला आदराचा शब्द उच्चारल्यावाचून गत्यंतरच राहिले नाही. इंग्रजीत सर्वनामाला ‘ती’ आणि ‘त्या’ हा भेद नाही. म्हणून त्या बाईंनी तो आपल्या नावातच घालून ठेवला. आता मीही त्यांना ‘त्या’ म्हटले पाहिजे.

मॅडम वॉकर गावोगाव फिरल्या. दारोदार जाऊन, चर्चच्या सभांत उभे राहून, स्वतःच्या केसांची आधीची आणि नंतरची छायाचित्रे दाखवून त्यांनी माल खपविला. १९०८ मध्ये पिट्सबर्ग येथे मुलीच्या नावाने ‘लेलिया कॉलेज’ काढून त्यांनी स्त्रियांना केशसंवर्धनाचे शिक्षण देण्यास आरंभ केला. १९१० मध्ये त्या इंडियानापोलिस येथे स्थायिक झाल्या. तेथे त्यांनी कारखाना उभारला आणि १९११ मध्ये कंपनीची रीतसर नोंदणी केली. केस सरळ करणारा तापविलेला कंगवा त्यांनी शोधून काढला, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते खरे नाही. तो आधीपासून होता, त्यांनी तो वापरात आणला. गोऱ्यांसारखे दिसण्याचा हा खटाटोप आहे, अशी टीका त्यांच्या स्वतःच्या समाजातही झाली. आपला उद्योग केस सरळ करण्याचा नाही, ते निरोगी राखण्याचा आहे, असे त्यांचे त्यावर उत्तर असे.

वाचकहो, दारोदार फिरणाऱ्या त्या बाईंचे चित्र डोळ्यांपुढे आले, तेव्हा मला आमच्या इंदूरच्या घराची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. आणि आपण तो परिच्छेद इतक्या घाईने का गाळला, याचेही उत्तर मिळाले.

माझे शिक्षण मावशीच्या घरी झाले. काकांची गिरणी बंद पडली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. त्यानंतर मावशीने तेल करावयास घेतले. परसातला माका आणि ब्राह्मी, कुंपणावरची जास्वंद आणि बाजारातले खोबरेल. लोखंडी कढईत मंद आचेवर ते सारे तास-दोन तास कढत असे. रस आटून तडतड थांबली की मावशी कढई उतरवी, रात्रभर निवू देई आणि सकाळी पातळ फडक्याने गाळून औषधांच्या धुऊन वाळविलेल्या बाटल्यांत भरी. मग खांद्याला पिशवी अडकवून ती घरोघर जाई. त्या तेलावर घर चालले. आणि ज्या बी. ए.च्या पदवीमुळे आज मी या टेबलाशी बसून कोणाचा परिच्छेद ठेवावा आणि कोणाचा गाळावा हे ठरवितो, त्या पदवीचे शुल्कही त्याच तेलातून भरले गेले.

महाविद्यालयात असताना एकदा मी एका सधन मित्राच्या घरी गेलो होतो. आम्ही दिवाणखान्यात बोलत बसलो असता मावशी दारात आली. त्या घरी ती तेल देत असे, हे मला ठाऊक नव्हते. मित्राच्या आईने सहज विचारले, “तुमची ओळख आहे का यांची?” मी म्हणालो, “हो, आमच्याकडेही तेल देते ही बाई.”

मावशीने माझ्याकडे एकवार पाहिले. बाटली टेबलावर ठेवली. “मागची बाटली धुऊन ठेवलीत ना?” असे मित्राच्या आईला विचारून, रिकामी बाटली पिशवीत घालून ती निघून गेली. संध्याकाळी घरी गेलो तेव्हा तिने माझे ताट नेहमीप्रमाणे वाढले. त्या प्रसंगाविषयी ती त्या दिवशी बोलली नाही, पुढेही कधी बोलली नाही. मीही क्षमा मागितली नाही. त्या एका वाक्यातले ‘देते’ मात्र माझ्या मनातून गेले नाही. आज समजते की, चौथा परिच्छेद गाळणारा आणि त्या दिवाणखान्यात बसलेला, हे दोन निराळे इसम नव्हेत.

मॅडम वॉकर यांनाही असाच एकदा दरवाजा लावला गेला होता. १९१२ च्या ऑगस्टमध्ये शिकागो येथे कृष्णवर्णीय व्यापारी-उद्योजकांच्या राष्ट्रीय संघाचे अधिवेशन भरले. अध्यक्षस्थानी बुकर टी. वॉशिंग्टन होते. स्वतः गुलामगिरीत जन्मून टस्कीगीची प्रसिद्ध शिक्षणसंस्था उभारणारे ते थोर पुरुष. पण केसांच्या औषधांचा धंदा त्यांना आदरणीय वाटत नसे. एका प्रतिष्ठित संपादकाने मॅडम वॉकर यांना बोलण्याची संधी द्यावी असे सुचविले, तरी अध्यक्षांनी तिकडे दुर्लक्ष केले. अखेरच्या दिवशी मात्र मॅडम वॉकर स्वतःच उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या बोलण्याचा आशय असा: आपण दक्षिणेतल्या कापसाच्या शेतातून आलो; तेथून आपली बढती झाली ती कपडे धुण्याच्या टबापाशी; टबापासून बढती झाली ती दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात; आणि तेथून पुढे आपण स्वतःच स्वतःला बढती दिली ती या उद्योगात. आपला कारखाना आपण आपल्या स्वतःच्या जमिनीवर बांधला आहे, हेही त्यांनी ठणकावून सांगितले.

अनुवादक या नात्याने या ‘बढती’वर मी बराच वेळ घालविला. आपल्या भाषेत बढती मिळते, होते किंवा दिली जाते. ती देणारा कोणी तरी वर बसलेला असतो. ज्यांनी कचेरीत नोकरी केली आहे त्यांना हे पुरते ठाऊक आहे. आपणच आपल्याला बढती देणे हे व्याकरणात बसते, पण व्यवहारात बसत नाही. मॅडम वॉकर यांचे सारे चरित्र या अडचणीच्या शब्दप्रयोगात आहे. वर बसलेला कोणी बढती देणार नाही हे त्यांनी ओळखले, त्याची वाट पाहणे सोडले आणि मग जे आपल्याला दिले ते इतरांनाही देण्यास आरंभ केला. पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, त्याच संघाच्या अधिवेशनात त्यांना वक्त्या म्हणून सन्मानाने बोलाविण्यात आले. श्री. वॉशिंग्टन यांनीही त्यांचे कर्तृत्व मान्य केले. चूक सुधारण्यास थोरांना एक वर्ष लागले. मला त्याहून पुष्कळ अधिक लागले.

त्यांच्या दानधर्माविषयी सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होणार नाही. १९११ मध्ये इंडियानापोलिस येथे कृष्णवर्णीय तरुणांसाठी वाय. एम. सी. ए.ची इमारत उभारण्याचे ठरले, तेव्हा मॅडम वॉकर यांनी १,००० डॉलर देऊ केले. एका कृष्णवर्णीय स्त्रीने एवढी रक्कम द्यावी, ही त्या वेळी देशभर गाजलेली वार्ता होती. टस्कीगी येथील विद्यार्थ्यांना त्यांनी शिष्यवृत्त्या दिल्या. मेरी मॅक्लाउड बेथून यांनी फ्लोरिडा राज्यात मुलींसाठी काढलेल्या शाळेला त्यांनी साहाय्य केले. परंतु मला अधिक मोलाची वाटते ती त्यांची दुसरी रीत. त्यांनी हजारो स्त्रियांना विक्रेत्या आणि केशसंवर्धक म्हणून तयार केले. ज्यांच्यापुढे धुण्याचा टब आणि परक्याची चूल यांखेरीज तिसरी वाट नव्हती, त्यांच्या हातात स्वतःची मिळकत आली. १९१७ च्या ऑगस्टमध्ये फिलाडेल्फिया येथे या स्त्रियांचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा दोनशेहून अधिक जणी आल्या होत्या. तेथे सर्वाधिक माल खपविणाऱ्यांना बक्षिसे मिळाली, त्याचबरोबर आपापल्या गावी लोकोपयोगी कार्याला सर्वाधिक साहाय्य करणाऱ्यांनाही मिळाली. देणे ही श्रीमंतांची मिरास नाही. कालपर्यंत कपडे धुणारी स्त्रीही दाती होऊ शकते, हे त्या बक्षिसांनी सांगितले.

त्याच अधिवेशनात आणखी एक गोष्ट घडली. त्या जुलैमध्ये इलिनॉय राज्यातील ईस्ट सेंट लुई येथे गोऱ्या जमावांनी कृष्णवर्णीय वस्त्यांवर हल्ले करून अनेकांचे प्राण घेतले होते. २८ जुलै १९१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याच्या निषेधार्थ हजारो स्त्रीपुरुष आणि मुले नुसत्या ढोलांच्या आवाजावर, तोंडून शब्द न काढता चालत गेली. पुढे हार्लेममधील पुढाऱ्यांचे एक शिष्टमंडळ राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना भेटण्यास वॉशिंग्टनला गेले; त्यात मॅडम वॉकर होत्या. कामाची सबब सांगून राष्ट्राध्यक्षांनी भेट नाकारली. तेव्हा ऑगस्टअखेर जमलेल्या या केशसंवर्धक स्त्रियांनी जमावाकडून होणाऱ्या हत्यांविरुद्ध कायदा करावा, अशी मागणी राष्ट्राध्यक्षांना तारेने कळविली. मलम विकणाऱ्या बायकांनी राष्ट्राध्यक्षांना तार करावी, हे त्या काळी कित्येकांना विचित्र वाटले असेल. पण ज्यांची मिळकत कोणा मालकाच्या मर्जीवर अवलंबून नव्हती, त्यांनाच अशी तार करता येणे शक्य होते.

१९१८ मध्ये न्यूयॉर्कजवळ हडसन नदीच्या परिसरात, अर्व्हिंग्टन येथे, मॅडम वॉकर यांचा प्रशस्त वाडा बांधून झाला. त्याची रचना व्हर्टनर टँडी या कृष्णवर्णीय वास्तुशिल्पज्ञाने केली होती. त्या घरात राहणे त्यांच्या नशिबी थोडेच दिवस होते. रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा विकार बळावला. अखेरच्या दिवसांत कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या हत्याविरोधी निधीला त्यांनी ५,००० डॉलर देऊ केले. २५ मे १९१९ रोजी, ५१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. कंपनीच्या पुढील निव्वळ नफ्याचा दोन तृतीयांश भाग धर्मादाय कार्यास जावा, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. स्वतःच्या कमाईने लक्षाधीश झालेली अमेरिकेतील पहिली स्त्री, असा त्यांचा पुष्कळदा गौरव केला जातो. त्यांनी स्वतः मात्र १९१७ मध्ये आपण अद्याप लक्षाधीश नाही, पण व्हावयाची इच्छा आहे, आणि ती आपल्या लोकांसाठी अधिक काही करता यावे म्हणून, अशा आशयाचे उद्गार काढले होते. त्यांची कंपनी पुढे कित्येक दशके चालली. १९२७ मध्ये इंडियानापोलिस येथे उघडलेली, त्यांच्या नावाची नाट्यगृहासह इमारत आजही उभी आहे. १९९८ मध्ये अमेरिकेच्या डाक खात्याने त्यांचे चित्र असलेले तिकीट काढले.

हा लेख लिहून झाल्यावर मी तो मावशीला दूरध्वनीवरून वाचून दाखविला. दिवाणखान्याचा प्रसंगही गाळला नाही. तेथे माझा आवाज अडखळला. पलीकडे काही वेळ शांतता होती. मग मावशी म्हणाली, “अरे, त्या बाई मलमात मेण घालायच्या म्हणतोस, मग इथल्या उन्हात ते पातळ नाही का होणार?” मी म्हटले, “मावशी, तुला त्या दिवशीचे…” तिने मला पुरते बोलू दिले नाही. “तेव्हा तू लहान होतास,” एवढेच ती म्हणाली. मी लहान नव्हतो, चांगला एकोणीस वर्षांचा होतो. पण तिने मला दिलेली ही सूट परत करण्याचे धैर्य मला झाले नाही.

वाचकहो, आपण इंदूरला असाल, बडोद्याला असाल, हैदराबादला किंवा दिल्लीला असाल; आपल्या आळीतही पापड, लोणची, मसाले किंवा तेल घेऊन दारी येणारी कोणी तरी असेलच. तिच्याकडून आपण माल घेतो, भावही करतो. ती गेल्यावर घरातल्या मुलांपुढे आपण तिचा उल्लेख कसा करतो, इकडे एकदा लक्ष द्यावे. मुले शब्द तेथूनच उचलतात. मी असाच कोठून तरी उचलला होता.

घरात मावशीला मी ‘तू’च म्हणतो आणि यापुढेही म्हणेन, मायेच्या माणसाला दुसरे काय म्हणावे? परंतु चारचौघांत कोणी विचारले तर माझे उत्तर आता ठरलेले आहे: या माझ्या मावशी. त्या तेल करतात. त्यांनी मला शिकविले.